बेचाळिसावी चौकट

उझुमासाच्या त्या गल्लीत मुरासे तोमिएबाईंना लोक दोन गोष्टींवरून ओळखत. गल्लीच्या तोंडाशी लेकरांची राखण करणारा जो दगडी जिझो देव उभा आहे, त्याचं लाल लाळेरं दर वर्षी त्या स्वतःच्या हातानं शिवत. आणि रहस्यपटांचा शेवट सगळ्या गावाआधी दोन-दोन महिने ठाऊक असूनही त्यांनी तो आजवर एकाही माणसाला सांगितला नव्हता.

गल्लीच्या न्हाणीघरात बायका त्यांना यावरून सोडत नसत. टोफूवाल्याची बायको ओनोबु तर हात धुऊन मागं लागायची.

“तोमिएताई, बोलू नका. नुसती मान हलवा. बायकोनंच मारलं ना त्याला?”

“आज पाणी फार कढत केलंय.”

“मग डॉक्टरनं?”

“तो साबण सरकव बघू इकडं.”

“बघा गं बायांनो! यांना उलटं टांगलं तरी शेवट बाहेर पडायचा नाही,” असं म्हणून ओनोबु पाण्याचा एक तांब्या त्यांच्या पाठीवर ओतायची आणि सगळ्याजणी हसायच्या. तोमिएबाईही हसायच्या, पण ओठ मिटून.

शेवट न सांगणं हा त्यांच्या कामाच्या खोलीचा नियमच होता. गल्लीजवळच्या चित्रपट स्टुडिओच्या मागच्या अंगाला, फिल्म धुतात त्या इमारतीला चिकटून निगेटिव्ह कापायची खोली होती. संकलक कुरातासाहेब वरच्या मजल्यावर एका कच्च्या प्रतीवर काम करत. ती प्रत ते दहादा कापत, दहादा चिकटवत. पांढऱ्या पेन्सिलीच्या खुणांनी आणि ओरखड्यांनी ती भरून जाई. सगळं मनासारखं जमलं की ती खाली येई, आणि तिच्याबरहुकूम मूळ निगेटिव्ह कापायचं काम तोमिएबाई आणि हात्सुएबाई या दोघींचं. मूळ निगेटिव्ह एकच असतं. तिथं कात्री लागली की लागली.

काठावरचे बारीक आकडे जुळवायचे, खुणेपर्यंतच्या चौकटी, म्हणजे फिल्मवरची एकेक चित्रं, मोजायच्या आणि कापायचं. दोन तुकडे जोडायला टोकाला टोक लावून भागत नाही, एकावर एक थोडं चढवावं लागतं. म्हणून कापताना पुढच्या चौकटीची एक पट्टी राखायची, पात्यानं तिच्यावरचं चित्र खरवडून काढायचं आणि त्या नितळ पट्टीवर गोंद लावून पुढचा तुकडा बसवायचा. दर जोडापाशी एक चौकट अशी जायचीच. आणि दिलेला जोड कधी उकलायची पाळी आली, तर पुढच्या तुकड्याच्या तोंडाशी असलेली चौकटही गोंदात जायची. म्हणून जोड पहिल्या फटक्यात बरोबर यावा लागे. बारा वर्षांत तोमिएबाईंचा एकही जोड उकलावा लागला नव्हता.

खोलीत आगीच्या भीतीनं शेगडी ठेवायची बंदी होती. हिवाळ्यात पांढऱ्या सुती हातमोज्यांतली बोटं काकडून जात. सकाळी कामाला बसताना तोमिएबाई फिल्मच्या डब्यांसमोर हात जोडत. हात्सुएबाईंना त्याचं हसू यायचं.

“पत्र्याच्या डब्यांना कसला नमस्कार करतेस गं?”

“यातली माणसं आज माझ्या हाती आहेत,” तोमिएबाई म्हणायच्या आणि कात्री पुसून घ्यायच्या.

या खोलीत त्या आल्या त्या लढाई संपल्यानंतरच्या साली. नवरा दक्षिणेकडच्या समुद्रात गेला होता. घरी आली ती अस्थींची म्हणून पांढऱ्या कापडात बांधलेली एक पेटी. हलवली की आत खडखड व्हायची. उघडून बघितली तर आत एक दगड. देव्हाऱ्यात तो दगडच ठेवून त्यांनी रोज सकाळी त्याला भाताचा नैवेद्य दाखवला, घंटा वाजवली, अमिदा बुद्धाचं नाव घेतलं आणि अकरा वर्षांच्या इसामुला शाळेत धाडून त्या कामाला लागल्या.

इसामु मोठा झाला तो स्टुडिओच्या कुंपणाला नाक लावूनच. तोमिएबाईंना वाटत होतं, त्यानं रेल्वेत चिकटावं, नाहीतर पोस्टात. तो गेला नटांच्या ‘मोठ्या खोलीत’. नाव नसलेले सगळे नट त्या एकाच खोलीत गाद्यांवर बसून असत. हाक आली की उठायचं. कधी पालखीचा भोई, कधी बाजारातला माणूस, कधी प्रेत. पाच वर्षांत इसामु साठेक चित्रपटांत दिसला. म्हणजे त्याची पाठ दिसली, पाय दिसले, डोळ्यांवर ओढलेली गवती टोपी दिसली. तोंड एकदाही नाही.

“आज काय झालास?” आई विचारायची.

“मेलो.”

“चांगला मेलास ना?”

“पापणी हलली म्हणून तीनदा मेलो.”

पण तोमिएबाईंना तो पाठमोराही ओळखू यायचा. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. उजेड काळा, अंधार पांढरा. इसामुचे काळेभोर केस तिथं पांढरेशुभ्र दिसायचे. दिव्यावर पट्टी धरली की गर्दीतली ती मान त्यांना लगेच सापडायची आणि वाटायचं, सत्तरीत हा असा दिसेल. म्हातारा इसामु. मनातल्या मनात त्या त्याला म्हणायच्याही, सावकाश चाला हो आजोबा.

त्याला वेड रहस्यकथांचं. वर्तमानपत्रात रोज येणारी कादंबरी तो कापून वहीत चिकटवायचा. त्यावर चित्रपट निघाला की घरी जेवताना खेळ सुरू व्हायचा. चॉपस्टिक खाली ठेवून तो आईच्या डोळ्यांत टक लावून एकेक नाव घ्यायचा.

“पुतण्या? ... नाही. मोलकरीण? ... आई, हललीस तू! मोलकरीण!”

“माशाचा काटा लागला दाताला.”

“कुठल्याही गुन्हेगाराहून तू बेरकी आहेस,” तो म्हणायचा. आणि त्याचा अंदाज दर वेळी चुकायचा.

त्या साली शरदात ‘सातव्या थांब्यावरची छत्री’ या कादंबरीवर चित्रपट सुरू झाला. एका व्यापाऱ्याचा खून होतो. कडक उन्हाचा दिवस असूनही ट्रामच्या थांब्यावर काळी छत्री घेतलेला एक माणूस कुणीतरी पाहिलेला असतो. तिथून सगळा तपास. दिग्दर्शक हिनात्सु यांनी कादंबरीचा शेवट बदलला होता आणि पटकथेची शेवटची पानं चौघांखेरीज कुणाला दिली नव्हती. इसामु खूश होता. थांब्यावर उभ्या असलेल्या पाचजणांत तो होता, पाठमोरा. आणि छत्री नेमकी त्याच्या हातात होती. खुनी माणूस वेगळाच. छत्री थांब्यावर कुणी विसरलेली असते आणि हा नुसता ती उचलून धरतो, एवढंच त्याचं काम.

चित्रीकरण तोकिवाजवळच्या ट्रामच्या थांब्यावर होतं. सकाळी तो डबा घरीच विसरून गेला. भात, उमेबोशीचं आंबट लोणचं, अंड्याची गुंडाळी; सगळं तसंच कट्ट्यावर. दुपारच्या सुट्टीत तोमिएबाई हातमोजे काढून, डबा फडक्यात बांधून चालत निघाल्या. बारा वर्षं फिल्म हाताळली होती. पण चित्रीकरण चालू असताना तिथं काय बोलायचं नि काय नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्याकडे यायचं ते सगळं झाल्यावर. त्यांना दिसलं ते एवढंच की माणसं गुपचूप उभी आहेत आणि पुढं आपला मुलगा पाठ करून उन्हात छत्री धरून उभा आहे.

“इसामु,” त्यांनी हाक मारली.

तो वळला. कॅमेरा चालू होता.

सहायक धावून आला, “ओ बाई! कोण आहात तुम्ही? शॉट चालू आहे!” तोमिएबाई कमरेत वाकून वाकून माफी मागू लागल्या. इसामु कानापर्यंत लाल झाला. डबा घेताना तो ओठांतल्या ओठांत म्हणाला, “आई, इथं हाक नाही मारायची.”

“डबा...”

“कळलं गं. जा आता.”

पण हिनात्सु दिग्दर्शकांना ते वळणं आवडलं. आवाज नंतरच घालायचा असल्यामुळं हाकेनं काही बिघडलं नव्हतं. “पोरगा काय छान दचकला,” ते म्हणाले. “राहू दे हाच.”

संध्याकाळी इसामु घरी आला तो उड्या मारत. “आई, राहिला! तोंड राहिलं माझं!” रिकामा डबा त्यानं दोन्ही हातांनी आईसमोर ठेवला, देव्हाऱ्यात ठेवतात तसा.

यानंतर सहा आठवडे गेले नाहीत. नोव्हेंबरात त्याला एका ऐतिहासिक चित्रपटात नदीत उभं राहायचं काम मिळालं. दोन दिवसांपासून पोटात दुखत होतं, ते त्यानं सांगितलं नाही. पोटदुखीच्या काळ्या गोळ्या चघळत उभा राहिला. इस्पितळात नेलं तेव्हा आंत्रपुच्छ फुटून विष सगळीकडं पसरलं होतं. चार दिवस होता. तिसऱ्या दिवशी जरा शुद्धीवर आला. ओठ वाळलेले, पण डोळ्यांत तोच खेळ.

“आई, कुणी मारलं गं त्याला?”

कबुलीच्या प्रसंगाचं न कापलेलं निगेटिव्ह डब्यांत लावून ठेवताना त्याच आठवड्यात तोमिएबाईंच्या हातांखालून गेलं होतं. नाव जिभेवर होतं.

“बरा हो आधी,” त्या म्हणाल्या. “पडद्यावर बघ.”

“भाऊ?”

त्यांनी नेहमीसारखा चेहरा कोरा ठेवला. त्यानं डोळे मिटले. मग तो तापात बरळला, पाणी म्हणाला, आई म्हणाला. पण चित्रपटाचं पुन्हा विचारलं नाही.

दहनानंतर अस्थी वेचताना सगळ्यात शेवटी मानेतलं ते एक हाड उचलतात, ध्यानस्थ बसलेल्या बुद्धासारखं दिसतं ते. ते तोमिएबाईंनी उचललं. हात थरथरला नाही. बारा वर्षं त्या हाताला थरथरायची मुभा नव्हती.

आठव्या दिवशी त्या कामावर आल्या. डब्यांना हात जोडले आणि बसल्या. हात्सुएबाईंनी गरम चहाची किटली त्यांच्या गुडघ्याशी सरकवली; खोलीत चहा आणायची बंदी असतानाही.

कच्ची प्रत तयार झाल्यावर स्टुडिओनं आपल्याच चाळीस माणसांना ती दाखवली. रहस्यपटाच्या वेळी तशी पद्धत होती: अर्ध्यावर दिवे लावायचे, प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची आणि तुम्हाला कोणाचा संशय येतो ते लिहायला सांगायचं. चाळीसपैकी सत्तावीस चिठ्ठ्यांवर एकच उत्तर आलं: थांब्यावरचा छत्रीवाला तरुण.

दुसऱ्या दिवशी कुरातासाहेब स्वतः जिना उतरून खाली आले. असं ते कधी येत नसत. साठीचे, पाठीत वाकलेले, कानावर सदा पेन्सिल. दारातच घुटमळले.

“मुरासेबाई, तिसरं रीळ मी हात्सुएबाईंकडं देतो.”

“का?”

“काही शॉट बदललेत.”

तोमिएबाईंनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. “इसामुचा?”

कुरातासाहेबांनी कानावरची पेन्सिल काढली, बघितली, पुन्हा खोचली. “लोकांना तो वळतो तेच लक्षात राहतं हो. रहस्यपटात माणूस उगाच वळून बघत नाही. बघितलं म्हणजे त्यानं काहीतरी केलंय, नाहीतर काहीतरी पाहिलंय. आणि पुढं त्या पोराचं काहीच येत नाही. प्रेक्षक शेवटपर्यंत त्याची वाट बघत बसतो आणि मग म्हणतो, फसवलं आम्हाला. हिनात्सुसाहेबांनाही वाईट वाटलं. पण कथेच्या दृष्टीनं बघितलं तर...”

“तो माझ्याकडं बघत होता,” तोमिएबाई म्हणाल्या.

“काय?”

“डबा विसरला होता. मी हाक मारली.”

हात्सुएबाईंची कात्री थांबली. कुरातासाहेब मग खालच्या आवाजात म्हणाले, “ते मला माहीत नव्हतं. पण बाई, हे पडद्यावर कुणाला कसं कळणार?”

“नाहीच कळणार.” तोमिएबाईंनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. रहस्यपट त्यांनीही शंभरएक कापले होते. सत्तावीस माणसांची चूक नव्हती. “सगळाच काढणार?”

“नाही. पाठमोरा राहील. मान हलायच्या आधी कापायचं. एक्केचाळीस चौकटी.”

“मग ते रीळ माझ्याकडंच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “परक्या हातानं नको.”

एक्केचाळीस चौकटी म्हणजे पावणेदोन सेकंदही नाहीत. त्या दिवशी तोमिएबाईंनी ती पट्टी दिव्यावर धरली. पांढऱ्या केसांचा म्हातारा काळ्या उन्हात उभा होता. बोटानं त्या चौकटी मोजू लागल्या. पस्तीस, अडतीस, एक्केचाळीस. इथं कच्च्या प्रतीवर पांढरी रेघ होती. पुढच्या चौकटीत मान किंचित हलली होती. त्याच्या पुढच्या चौकटीत कानाची कड. मग गाल. बऱ्याच पुढं एक डोळा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. कापलं. पात्यानं पट्टी खरवडली, गोंद लावला, इन्स्पेक्टरच्या शॉटचा तुकडा वर बसवून दाबून धरला. मनात अमिदा बुद्धाचं नाव चालू होतं. राहिलेला तुकडा गुंडाळून रद्दीच्या डब्यात ठेवला. ती रद्दी वर्षअखेर बाहेर जाते, वितळवून तिच्यातली चांदी काढतात. काही ठेवून घ्यायची परवानगी नव्हती, आणि तोमिएबाईंनी ती मागितली नाही.

पहिली छापील प्रत बघायला सगळे जमले त्या दिवशी तिसऱ्या रिळात कुजबुज सुरू झाली. ट्रामचा थांबा आला, गेला, आणि इन्स्पेक्टर बोलायला लागला. पण आवाज आधी नि ओठ मागून. बाहुल्यांच्या खेळात बोलायला कुणी नवशिक्या बसावा तसं. रीळ संपेपर्यंत सगळी पात्रं तशीच बोलत राहिली. एक वितरक मोठ्यानं हसला.

“कुणी कापलंय हे?” हिनात्सु दिग्दर्शक ओरडले.

मागच्या रांगेत तोमिएबाई उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकल्या. वाकलेल्याच राहिल्या.

खाली येऊन कुरातासाहेबांनी मोजलं. सत्तेचाळीस. सहा चौकटी जास्त. पाव सेकंद.

“तीनदा मोजलं होतं मी,” तोमिएबाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच आठवत होतं, एक्केचाळीस म्हणून हात थांबला होता. मग कात्री सत्तेचाळीसवर कशी गेली? हात चुकला म्हणावं, तर बारा वर्षांत चुकला नव्हता. जाणूनबुजून केलं म्हणावं, तर तसंही आठवत नव्हतं. त्यांना फार लाज वाटली. आणि त्या लाजेखाली, सांगू नये असं, थोडं बरंही वाटलं. सहा चौकटींपुरता तो पडद्यावर आला होता. गालापर्यंत. कुणी ओळखलं नव्हतं, सगळे त्यानंतरचे ओठ बघत होते. पण आला होता.

“दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर मी...” कुरातासाहेबांनी पट्टी टेबलावर ठेवली. “जोड उकला.”

“साहेब, मला या कामावरून काढा. माझ्या हाताचा आता भरवसा नाही.”

“ते नंतर बघू. आधी उकला.”

त्यांनी जोड उकलला. व्हायचं तेच झालं. इन्स्पेक्टरच्या तुकड्याची तोंडाशी असलेली चौकट गोंदात गेली, कामातून गेली. तो शॉट आता एक चौकट आखूड. आवाज आणि ओठ जुळायचे, तर ती एक चौकट कुठूनतरी भरून काढायला हवी होती. पुढं वाढवून उपयोग नव्हता, तोवर इन्स्पेक्टर बोलायला लागलेला असे.

हे दोघांनाही एकाच वेळी कळलं.

कुरातासाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, “मागच्या शॉटमधली एक वाढवावी लागेल.”

“म्हणजे बेचाळीस.”

“बेचाळीस. हिशेबच तसा आहे. त्याला माझा इलाज नाही, तुमचाही नाही.” आणि पेन्सिल कानावर खोचून ते जिना चढून गेले. वर पोचेपर्यंत दोनदा खोकले.

तोमिएबाईंनी पाच चौकटी कापून काढल्या. बेचाळिसावी ठेवली. तीत मान जराशी वळलेली. कान अजून दिसत नाही, पण मानेच्या कडेला उजेडाची एक केसाएवढी रेघ आली आहे. निगेटिव्हवर ती काळी दिसत होती. त्रेचाळिसावी चौकट, जीत कानाची कड पहिल्यांदा येते, ती मात्र जोडासाठी खरवडायची होती. त्यांनी पातं टेकवलं. बारीक भुकटी निघाली, मोज्याच्या बोटावर बसली. ती झटकताना त्या थांबल्या. मग मोजा तसाच उलटा करून काढला नि दुसरा घातला.

हात्सुएबाईंनी हे पाहिलं आणि त्या दुसरीकडं बघू लागल्या.

गेलेल्या माणसाला निरोप द्यायचा एकोणपन्नासावा दिवस जानेवारीत आला. भिक्षू येऊन सूत्र म्हणून गेला, शेजारीपाजारी जेवून गेले, ओनोबुनं न सांगता भांडी घासून ठेवली. जाताना ती दारात थबकली. नेहमीची थट्टा तोंडाशी आली असावी. ती गिळून “येते हं ताई” म्हणाली.

घर रिकामं झाल्यावर तोमिएबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या. आता दगडाशेजारी इसामुच्या नावाची पाटी होती, आणि पाटीमागं घडी केलेला एक पांढरा हातमोजा. उदबत्ती लावली. घंटा वाजवली. मग पुढं वाकून, कानात सांगावं तसं, त्यांनी एक नाव सांगितलं.

“भाऊ नव्हता रे,” त्या म्हणाल्या. “तू परत चुकलास.” आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या रडल्या.

चित्रपट लागला त्या रविवारी दुपारच्या खेळाला त्या शिनक्योगोकुच्या थिएटरात एकट्याच गेल्या. दाराशी मोठी पाटी होती: खेळ सुरू झाल्यावर आत सोडणार नाही, शेवट घरी जाऊन सांगू नये. थिएटर गच्च भरलेलं. मागच्या रांगेत एक जोडपं भाजलेले चेस्टनट सोलून खात होतं.

तिसऱ्या रिळाची वेळ त्यांना न बघता कळली. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले. पापणी मिटायची नाही असं ठरवलं. थांबा आला. ऊन. पाचजण. काळी छत्री. इथं केस काळेच होते, तेवीस वर्षांच्या पोराचे. आणि गेलं. मान हलली की नाही हे त्यांनाही कळलं नाही. कात्री त्यांच्याच हाताची, चौकट त्यांनीच मोजलेली, तरी डोळ्यांना काही गवसलं नाही.

मागून तरुण हळूच म्हणाला, “बघितलंस? तोच तो. छत्रीवाला. पाठ करून उभाय म्हणजे यानंच मारलंय.”

“कशावरून?”

“अगं, तोंड दाखवत नाहीत त्याचं! यात काहीतरी आहे.”

तोमिएबाई वळल्या. अंधारात त्या दोघांचे चेहरे नीट दिसत नव्हते. मुलगी विशीची असावी, हातात चेस्टनटचं पुडकं.

“तो नाही हो,” त्या हलकेच म्हणाल्या. “त्यानं काही केलं नाही. तो डबा विसरला होता नुसता.”

“अहो काकू!” मुलीनं दोन्ही कानांवर हात ठेवले. “शेवट नका ना सांगू!”

“नाही सांगत,” तोमिएबाई म्हणाल्या. “माफ करा. नाही सांगत.”

आणि त्या पुन्हा पुढं वळल्या. पडद्यावर इन्स्पेक्टर बोलत होता. ओठ आणि आवाज बरोबर जुळत होते.